पाकोळी की भिंगरी? बेळगाव, खानापूर, गोकाक पट्ट्यात उडते पक्षी ओळखण्याची रीत

घोटाळा ‘पाकोळी’ या शब्दापासूनच सुरू होतो. कोणी लहान वटवाघळाला पाकोळी म्हणते, कोकणाकडे फुलपाखरालाही म्हणतात, आणि पक्षी पाहणारी मंडळी हा शब्द स्विफ्ट कुळासाठी वापरतात. भिंगरी म्हणजे स्वॉलो. गावात दोघींना एकच नाव चालून जाते. कन्नडात स्विफ्टला बानाडी म्हणतात, म्हणजे आभाळात हिंडणारी, आणि स्वॉलोला कवलुतोके, म्हणजे दुबेळक्या शेपटीची. पहिले नाव चोख आहे. दुसऱ्यावर फार विसंबू नका, कारण दुबेळकी शेपूट काही पाकोळ्यांनाही असते आणि काही भिंगऱ्यांना नसते.

ही दोन कुळे एकमेकांची नातलगही नाहीत. हवेतले किडे उडता उडता टिपायचे, या एकाच धंद्यामुळे त्यांची अंगकाठी सारखी झाली आहे. त्यामुळे ओळख पटवायची ती धंद्यावरून नाही, हत्यारांवरून: पंख, शेपूट, पाय, घरटे. रंग सगळ्यात शेवटी. नवखा माणूस नेमका उलटा जातो. आधी रंग शोधतो, आणि उजळ आभाळापुढे सगळेच काळे दिसले की हात टेकतो.

दुर्बीण आधी तयार ठेवा

दुर्बीण ८ × ४२ ची घ्या, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची. १० × ५० मध्ये पक्षी मोठा दिसेल, पण दृष्टीचा घेर लहान होतो आणि हातही जास्त हलतो. झाडावर बसलेल्या धनेशासाठी ते खपून जाईल, सुसाट जाणाऱ्या पाकोळीसाठी नाही. पक्षी यायच्या आधीच शंभरेक मीटरवरच्या एखाद्या मोबाइल टॉवरवर नाहीतर नारळाच्या शेंड्यावर फोकस लावून ठेवा. पक्षी आला की नजर त्याच्यावरच ठेवायची आणि दुर्बीण उचलून डोळ्यांपाशी आणायची. दुर्बीण डोळ्याला लावून मग आभाळभर पक्षी शोधत बसलात तर तो सापडत नाही, फक्त मान दुखते. ऊन पाठीशी हवे. सूर्याच्या बाजूला दुर्बीण कधीही वळवू नका, डोळ्याला कायमची इजा होते.

कॅमेरा असेल तर शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा आणि एक्स्पोजर +१ करा, म्हणजे चित्र एक पायरी उजळ येईल. नाहीतर आभाळाच्या उजेडाने पक्ष्याची नुसती काळी आकृती येते. कॅमेरा नसला तरी अडत नाही. मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये पंखांची हालचाल नीट दिसते, आणि पुढच्या दोन पायऱ्यांसाठी तेवढे पुरते.

पहिली पायरी: तो बसतो का?

विजेच्या तारेवर, टीव्हीच्या जुन्या अँटेनावर, वाळक्या फांदीच्या टोकाला पक्षी बसला असेल तर ती खरी पाकोळी नाही. हा नियम इतका पक्का आहे की त्यावर डोळे मिटून विसंबावे. घरपाकोळीच्या (ही तिसऱ्या पायरीत भेटेल) पायाची चारही बोटे पुढच्या बाजूला वळलेली असतात. आपल्या अंगठ्यासारखे मागून पकडणारे बोट नसल्याने तिला तार धरताच येत नाही. ती खडबडीत भिंतीला, दगडाच्या कडेला नख्यांनी लटकते, बस्स. भिंगरीच्या पायाला तीन बोटे पुढे आणि एक मागे असते, म्हणून ती तारेवर ऐटीत बसून पिसे साफ करते.

अपवाद एकच, तुरेवाली पाकोळी. ती फांदीवर बसते, पण तिचे कूळ खऱ्या पाकोळ्यांहून वेगळे आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

दुसरी पायरी: पंखाला कोपर दिसते का?

हवेतच असलेल्या पक्ष्यासाठी ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून इथे थोडे थांबू.

गवत कापायचा विळा डोळ्यासमोर आणा. पाकोळीचा पंख त्या पात्यासारखा असतो: अंगापासून निघतो आणि एकाच बाकात टोकापर्यंत जातो, मध्ये कुठे मोड नाही. तिच्या पंखातली अंगाकडची हाडे फार आखूड असतात आणि सांधा थेट खांद्याजवळ येतो. बाहेर दिसतो तो जवळजवळ सगळा ‘पंजा’. भिंगरीच्या पंखाला मात्र मध्ये स्पष्ट मोड असतो. आपण कोपर किंचित दुमडून हात पसरला तर जसा दिसेल तसा.

यामुळे उडण्याची चालही बदलते. पाकोळी पंख ताठ ठेवून त्यांची झपाझप थरथर करते आणि मग ते जरासुद्धा न दुमडता लांब घसरत जाते. भिंगरी वल्हे मारल्यासारखे पंख मारते, प्रत्येक फटक्यानंतर पंख मागे अंगाशी ओढून घेते, मध्येच झपकन वळते, खाली येते, पुन्हा वर जाते. पाकोळीचे दोन पंख आळीपाळीने हलतात असे कधी कधी वाटते. तो डोळ्यांचा भास आहे, स्लो-मोशनमध्ये बघून खात्री करा.

उंचीचा आधार घेऊ नका. पाकोळी उंच आणि भिंगरी खाली, असे सर्रास सांगितले जाते, पण पावसाचे ढग दाटले की किडे खाली येतात आणि पाकोळ्याही शेतावर माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर येतात.

तिसरी पायरी: घरपाकोळी पाठ करा

एकदम बारा जाती शिकायला जाऊ नका. पहिले दोन आठवडे एकच पक्षी पाहा. तोच पुढे तुमची मापपट्टी होईल: बाकी सगळे ‘घरपाकोळीपेक्षा लांब’, ‘घरपाकोळीपेक्षा सडपातळ’ असे मोजायचे.

पक्षीमित्र हिला हाऊस स्विफ्ट म्हणायचे, हल्लीच्या याद्यांत लिटल स्विफ्ट लिहितात. बेळगावात शोधायला लांब जावे लागत नाही. किल्ल्याच्या दरवाज्यांच्या कमानी, जुन्या देवळांचे सभामंडप, उंच छताची गोदामे, पुलांची पोटे इथे बघा. संध्याकाळी यांचा थवा एकाच जागेभोवती गोल फिरत तीक्ष्ण, थरथरत्या आवाजात एकसारखा किंचाळतो. तो आवाज एकदा कानात बसला की वर न पाहताही पाकोळ्या आल्याचे कळते.

अंग काळपट, हनुवटी पांढरी, शेपूट आखूड आणि सरळ कापल्यासारखी. आणि कमरेवर पांढरा पट्टा. कंबर म्हणजे पाठ संपून शेपूट सुरू होते तो भाग. हा पट्टा दोन्ही बाजूंनी थोडा खालीही उतरतो, त्यामुळे खालून पाहतानाही कडेला पांढरे चमकून जाते. पोट मात्र काळेच. ही गोष्ट ठळक लिहून ठेवा, खानापूरच्या जंगलात तिचा उपयोग होणार आहे.

नवखे इथेच फसतात. पक्षी डोक्यावर असताना पट्टा दिसत नाही, आणि मग ‘पांढरे नाही, म्हणजे दुसरी जात’ असा निकाल दिला जातो. थांबा. पाकोळी वळताना एका अंगावर कलते, तेव्हा पाठ दिसते. तीन वळणे होईपर्यंत निकाल द्यायचा नाही. शक्य असेल तर गच्चीवरून, बुरुजावरून, टेकडीवरून पाहा. येळ्ळूरच्या राजहंसगडावर उभे राहिलात तर पक्षी तुमच्या बरोबरीने किंवा खालून जातात आणि पाठ आपोआप दिसते.

आता बाकीच्या पाकोळ्या

*ताडपाकोळी.* घरपाकोळीएवढीच लांब, पण अंगाने काडीसारखी. पूर्ण मातकट, पांढरे कुठेच नाही. शेपूट खोल दुबेळकी, पण ती बहुतेक वेळ मिटूनच ठेवते, त्यामुळे मागे सुई लावल्यासारखी दिसते. शेपूट वळताना क्षणभर उघडते, तेवढाच वेळ मिळतो. ताड किंवा सुपारी दिसली की आधी वर बघायची सवय लावा. ही पाकोळी लोंबत्या पानाच्या आतल्या बाजूला पिसे थुंकीने चिकटवून घरटे करते आणि दिवसभर त्याच झाडांभोवती घुटमळते. ताड तोडले की ती गेलीच. तिला ओळखायचा सगळ्यात सोपा मार्ग झाड हाच आहे.

*अल्पाइन पाकोळी.* दिसली की शंका उरत नाही. पंख पसरले की टोकापासून टोकापर्यंत अर्ध्या मीटरहून जास्त भरतात. वरून तपकिरी, पोट पांढरे, छातीवर तपकिरी पट्टा. पोटाचा पांढरा रंग फार उंचावरूनही कळतो. राहायला कडे लागतात. गोकाकचा धबधबा किंवा चोर्ल्याच्या बाजूचे घाटमाथे, असा कातळ असेल तिथे नजर ठेवा. पाऊस येण्याआधी थवे सपाटीवरही येतात. स्वित्झर्लंडमध्ये घरटी करणाऱ्या अल्पाइन पाकोळ्यांवर बारीक यंत्रे बांधून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्या सलग २०० दिवस हवेत राहिल्याचे त्यात आढळले. तारेवर बसलेली पाकोळी शोधणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

*पांढऱ्या कमरेची स्पाइनटेल.* जांबोटी, कणकुंबी, भीमगड या दाट जंगलाच्या पट्ट्यात शिरलात की मापपट्टी नीट धरा. इथे हीसुद्धा असते, आणि हिचीही कंबर पांढरी. घरपाकोळीपेक्षा लहान. फरक पोटात: घरपाकोळीचे पोट काळे, हिचे पोट आणि शेपटीखालचा भाग पांढरा. पंखाचा आकारही वेगळा. अंगापाशी चिमटा काढल्यासारखा बारीक, मध्ये रुंद, टोकाला पुन्हा निमुळता, लोणी लावायच्या सुरीसारखा. शेपटीच्या टोकाला पिसांचे काटे असतात म्हणून हे नाव, पण उडत्या पक्ष्यावर ते काटे बघण्याचा नाद सोडा. दिसत नाहीत.

*ब्राउन-बॅक्ड नीडलटेल.* हीदेखील याच जंगलपट्ट्याची, पण आकाराने दांडगी. शेपटीखाली पांढरा, घोड्याच्या नालासारखा आकार. डोक्याजवळून गेली तर पंखांचा सूंऽऽ असा आवाज येतो. दुर्बीण उचलेपर्यंत ती पुढच्या डोंगरावर असते, तेव्हा उघड्या डोळ्यांनी नाल बघून घ्या.

*भारतीय स्विफ्टलेट.* लहान, सगळी काळपट तपकिरी, शेपटीला किंचित खाच, पांढरे काहीच नाही. उडते वटवाघळासारखी फडफडत. ताडपाकोळीशी गल्लत होते. शेपूट बघा: ताडपाकोळीची लांब सुई, हिची आखूड. ही गुहेत राहते आणि अंधारात टकटक आवाज करून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढते. वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांवरची यांची वस्ती प्रसिद्ध आहे. घाटमाथ्यावर किडे टिपताना दिसली तर नवल मानू नका.

*तुरेवाली पाकोळी.* पानगळीच्या जंगलात, उंच झाडाच्या अगदी शेंड्याच्या वाळक्या फांदीवर ताठ बसलेली निळसर राखी आकृती, कपाळावर उभा तुरा, मिटलेले लांब पंख कात्रीच्या पात्यांसारखे मागे गेलेले. नराचे गाल विटकरी. उडताना तुरा दिसत नाही. तेव्हा ती राक्षसी ताडपाकोळी वाटते, पण रंग राखी असतो आणि पोटाकडे फिकट होत जातो. आवाज कर्कश, पोपटाची आठवण करून देणारा. घरटे इतके लहान की बसलेला पक्षीच फांदीवरची गाठ वाटतो. अंडे एकच.

भिंगऱ्या: आधी गळा बघा

पाकोळ्यांत शेपूट आणि कंबर कामाला येते, भिंगऱ्यांत गळा. शेपटीतल्या लांब तारा बघून जात ठरवू नका. पिसे झडण्याच्या दिवसांत त्या तुटतात, पिलांना आलेल्याच नसतात, आणि लांबून त्या दिसतही नाहीत. गळा लपत नाही.

गळा गडद विटकरी आणि त्याखाली निळा-काळा पट्टा असेल तर *माळभिंगरी*. ही पाहुणी. सप्टेंबरपासून यायला लागते आणि एप्रिलपर्यंत परतते. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या भातशेतीत सुगी आटोपली की कापलेल्या वाफ्यांवर यांची झुंबड उडते. निपाणी-चिकोडीकडच्या उसाच्या पट्ट्यात संध्याकाळी नजर ठेवा, दाट ऊस आणि लव्हाळे ही यांची रात्रीच्या मुक्कामाची आवडती जागा. लहान पक्ष्यांचा गळा विटकरी नसून मळकट बदामी असतो, पण छातीवरचा पट्टा असतोच. उलट बाजूने हाच नियम वापरा: जून-जुलैत तारेवर भिंगरी दिसली तर माळभिंगरी हे उत्तर सगळ्यात शेवटी विचारात घ्या.

गळ्यापासून शेपटीपर्यंत पांढरेशुभ्र, धुतल्यासारखे, आणि डोक्यावर विटकरी टोपी असेल तर *तारवाली भिंगरी*. बारमाही, आणि पाण्याला बांधलेली. राकसकोप जलाशय, खानापुराजवळ मलप्रभेवरचे पूल, धुपदाळच्या बंधाऱ्याची बाजू, अगदी कालव्यावरची मोरीसुद्धा चालते. शेपटीच्या दोन तारा दोऱ्यासारख्या बारीक असतात. मादीच्या आखूड. माळभिंगरीला विटकरी टोपी नसते, तिचे फक्त कपाळ विटकरी असते. तारेवर दोघी शेजारी बसल्या तर एवढ्यावर काम होते.

गळा-छातीवर बारीक काळ्या रेघा आणि कमरेवर विटकरी पट्टा असेल तर *लालबुडी भिंगरी*. हिची एक खूण फार उपयोगी आहे आणि नवख्यांना कोणी सांगत नाही: खालून पाहिले तर शेपटीखालचा भागही काळा असतो. शेपूट शाईत बुडवली आणि शाई थेट मुळापर्यंत चढली, असे दिसते. माळभिंगरीचा आणि तारवालीचा तो भाग फिकट किंवा पांढरा. डोक्यावरून जाणाऱ्या पक्ष्याची कंबर दिसत नाही तेव्हा ही शाई बघायची. उडणे इतर भिंगऱ्यांपेक्षा संथ, घसरणे जास्त. कमरेचा रंग कधी कधी फिकट बदामी होतो आणि ऊन पडले की पांढरा भासतो. मग लोक घरपाकोळी लिहून मोकळे होतात. पंखाचे कोपर विसरले की असे होते.

गळ्यावर दाट रेघा, गळाच मळलेला वाटतो, शेपूट जवळजवळ सरळ आणि पक्षी भिंगऱ्यांत सगळ्यात लहान: *रेघाळ गळ्याची भिंगरी*, स्ट्रीक-थ्रोटेड. ही एकटीदुकटी नसते. नदी, कालवा, धरणाची भिंत असेल तिथे वस्ती करून राहते. घटप्रभेच्या कालव्यांवरचे जुने पूल खालून वाकून बघा.

फसवणारे

सगळ्यात जास्त फसवते ती *कातळ पाकोळी*. नाव पाकोळीचे, पण कूळ भिंगरीचे. याच कुळातल्या काही पक्ष्यांना इंग्रजीत मार्टिन म्हणतात. इंग्रजी नाव डस्की क्रॅग मार्टिन. मातकट-काळपट रंग, सरळ शेपूट, किल्ल्याच्या भिंतीशी घुटमळणे, सगळे घरपाकोळीसारखे. पण कंबर पांढरी नाही, पंख रुंद आणि कोपर असलेले, आणि घाई नाही. भिंतीच्या कडेकडेने संथ घसरते, वळते, परत येते, मध्येच दगडाच्या खोबणीत बसते. वळताना शेपूट पसरली की पांढऱ्या ठिपक्यांची ओळ दिसते. ती दिसली की निकाल लागला. राजहंसगड, किल्ल्याचे बुरुज, गोकाकच्या कड्यालगतच्या जुन्या इमारती ही हिला पाहायची चांगली ठिकाणे. घरपाकोळी आणि ही एकाच भिंतीवर सापडली तर तासभर तिथेच बसा. पंखाचे कोपर शिकायला याहून चांगली शाळा नाही.

*राखी वनपाकोळी*, म्हणजे अ‍ॅशी वुडस्वॉलो, ना पाकोळी ना भिंगरी. रुंद त्रिकोणी पंख, आखूड शेपूट, जाड निळसर चोच. ताडाच्या शेंड्यावरून निघते, गोल घसरत फिरते आणि पुन्हा तिथेच येऊन बसते. तारेवर चार-पाच जणी एकमेकींना खेटून बसलेल्या दिसल्या तर बहुधा हीच. कावळा, घार जवळ आली की तुटून पडते.

वेडा राघूही हवेत घसरतो तेव्हा घोटाळा करतो, पण त्याची लांब चोच आणि मधोमध निघालेली शेपटीची काडी त्याला उघडे पाडते. सूर्य बुडाल्यावर फडफडणारे, क्षणाक्षणाला दिशा बदलणारे ठिपके दिसले तर वटवाघळे समजा आणि वही मिटा.

घरट्यावरून ओळख

पक्षी निसटला तरी घरटे निसटत नाही. पुलाखाली, कमानीत, पडवीच्या तुळईला काय चिकटले आहे ते बघा.

चिखल असेल तर भिंगरी, पिसे-गवत थुंकीने चिकटवलेले असेल तर पाकोळी. एवढा एक नियम अर्धे काम करतो. भिंगरी ओल्या काठावरून चोचीत चिखलाच्या गोळ्या आणते आणि एकेक लावत जाते, जवळून पाहिले तर प्रत्येक गोळी वेगळी दिसते, मोतीचूर लाडू भिंतीला चिकटवल्यासारखी. आकार जातीनुसार ठरलेला. पाण्यावरच्या मोरीखाली उघडी अर्धी वाटी असेल तर तारवाली. कोरड्या भिंतीला, छज्जाखाली अर्धी वाटी असेल तर कातळ पाकोळी. छताला उभी कापलेली सुरई चिकटवल्यासारखे, लांब नळीचे तोंड असलेले घरटे लालबुडीचे. आणि एकाला एक चिकटलेली ढीगभर घरटी, मधाच्या पोळ्यासारखी, ती रेघाळ गळ्याच्या भिंगरीची.

घरपाकोळीचे घरटे दिसायला गबाळे. पिसे, गवताच्या काड्या, वाऱ्यावर उडणारे धागे, सगळे हवेतच पकडलेले आणि थुंकीने एकत्र डकवलेले. अशी अनेक घरटी एका ठिकाणी असतात. पण सावध राहा, घरपाकोळी लालबुडीच्या तयार सुरईत बिनदिक्कत घुसते. चिखलाच्या घरट्यातून पिसे बाहेर लोंबत असतील तर आतला मालक बदलला आहे.

घरट्यावर टॉर्च, फ्लॅश मारू नका, दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ खाली उभे राहू नका. रंगकामाच्या वेळी घरटी खरवडली जातात. ती मालकाला सांगून विणीनंतर काढायला लावता आली तर बरे. भीमगड अभयारण्यात आत जायचे असेल तर वनखात्याची परवानगी आधी काढा.

कधी जावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत सोपे. पाहुण्या भिंगऱ्या आलेल्या असतात, आभाळ स्वच्छ असते. सकाळी सात ते दहा किंवा दुपारी चारनंतर जा. भर दुपारी ऊन डोक्यावर असले की सगळे पोट सावलीत जाते आणि गळ्याचा रंग कळत नाही.

पण शिकायला उत्तम दिवस म्हणजे वळवाचा पहिला पाऊस पडून गेल्यानंतरचा. वारुळांतून पंखवाली वाळवी निघते आणि तिच्यावर घरपाकोळी, ताडपाकोळी, लालबुडी, कातळ पाकोळी, कोतवाल, घारी सगळे एकदम तुटून पडतात. एकाच चौकटीत आकाराची तुलना होते. एरवी आभाळात आकार कळत नाही. जवळ दुसरे काहीच नसते, त्यामुळे जवळची लहान आणि लांबची मोठी सारखीच दिसते.

जून ते सप्टेंबरमध्ये कणकुंबीच्या बाजूला पाऊस आणि धुके इतके असते की तिकडे पाकोळ्या बघायला जाण्यात अर्थ नाही. तेव्हा पूर्वेकडे सरका: गोकाक, सौंदत्ती, नवीलुतीर्थ. पश्चिमेच्या ओल्या जंगलात स्पाइनटेल, नीडलटेल, तुरेवाली. पूर्वेच्या कोरड्या माळावर आणि कालव्यांवर भिंगऱ्या. आपल्या जिल्ह्यात दीड-दोन तासांच्या प्रवासात यादी अशी बदलते, म्हणून वहीत गावाचे नाव लिहिल्याशिवाय पक्ष्याचे नाव लिहू नका.

नोंद

पक्षी समोर असतानाच लिहा: बसला का, पंखाला कोपर होते का, शेपूट सरळ की दुबेळकी, पांढरे कुठे, गळा कसा, जवळ पाणी-ताड-कडा काय होते, किती होते. घरी येऊन पुस्तक उघडल्यावर आठवण चित्राप्रमाणे बदलते, हे सगळ्यांचे होते. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकत असाल तर जात पक्की नसताना ‘स्विफ्ट स्पी.’ किंवा ‘स्वॉलो स्पी.’ (म्हणजे कुठलीतरी स्विफ्ट, कुठलीतरी स्वॉलो) असा पर्याय मिळतो, तो निवडा. थवा मोजताना दहा पक्षी नीट मोजा, ते किती जागा व्यापतात ते बघा आणि तेवढे तुकडे मोजत जा.

जमिनीवर पडलेली पाकोळी सापडली तर

पावसाळ्यात अंगणात, गच्चीत, शाळेच्या व्हरांड्यात पाकोळी पडलेली सापडते. पाय आखूड, पंख लांब, म्हणून सपाट जमिनीवरून तिला नीट उडता येत नाही. जखमी असेलच असे नाही.

हलक्या हाताने उचला. नख्या बोटात रुततात, घाबरून सोडू नका. पंख दोन्ही बाजूंना सारखे आहेत का, रक्त आहे का ते बघा. पिसे पूर्ण वाढलेली असतील आणि जखम नसेल तर उघड्या मैदानात जा, तळहात सपाट करून खांद्याच्या उंचीवर धरा आणि वाट पाहा. पाच मिनिटे लागतील, दहा लागतील. थरथरायला लागली म्हणजे निघायच्या तयारीत आहे. वर फेकू नका, जखमी असेल तर ती दगडासारखी खाली येते.

उडाली नाही तर बुटाच्या खोक्याला भोके पाडा, तळाशी जुना सुती कपडा घाला, तिला आत ठेवून झाकण लावा आणि शांत जागी ठेवा. भात, पोळी, दूध काही देऊ नका. चोच उघडून पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जाते. वनखात्याच्या जवळच्या कार्यालयाला कळवा. पिसे अपुरी असलेले पिलू असेल तर ओळख इथेही कामाला येते. भिंगरीचे पिलू घरट्याजवळच्या कोनाड्यात ठेवले तर आई-बाप तिथे भरवतात. पाकोळी घरट्याबाहेर पिलाला भरवत नाही, म्हणून तिचे पिलू शिडी लावून त्याच घरट्यात परत ठेवावे लागते. घरटे हाताला लागण्यासारखे नसेल तर खोका, आणि लगेच वनखात्याला फोन.